भाचीची बँक

भाची पुण्याला हॉस्टेलवर निघालीय. १८ पूर्ण झाली, म्हणून खात्याची नवी सही, केवायसी करायला आज तिला नवी पेठेत बँकेत नेलं. गणितात एवढी हुशार पोरगी, पण पैसे भरायची स्लिप घेऊन माझ्याकडेच बघत उभी! मी पेन दिला, स्लिप भरून दिली नाही. अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’ का लिहायचं, तेही सांगितलं; पुढे कुणी आकडा वाढवू नये म्हणून.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. घरी आल्यावर जलसंजीवनी तिच्याकडूनच करून घेतली: १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० नंबर फोनमध्ये टाकला.

ताई म्हणते, “आत्ताच कशाला तिच्या मागे?” मग कधी गं, ताई? उद्या गॅसचा रेग्युलेटर.