संगणक असताना कागदावर काय करता?

संगणक क्षणात हिशेब करून देतो, मग गणितात संशोधन करणारा माणूस दिवसभर कागदावर काय लिहीत असतो, असे मला नातेवाईक आणि विद्यार्थी नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर सांगतो.

माझा दिवस संगणकावाचून जात नाही. एखादी कल्पना सुचली की पायथन या संगणकभाषेत दहा-बारा ओळी लिहून ती पहिल्या काही लाख संख्यांवर तपासतो. बहुतेक कल्पना तिथेच मोडतात आणि मला त्याचे समाधानच वाटते, कारण हाताने आकडेमोड करून त्या मोडायच्या तर आठवडा गेला असता. ज्या तगतात, त्यांच्यासाठी मात्र वही उघडावी लागते.

तगणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी 1919 मध्ये असा अंदाज मांडला की 1 पासून 2 किंवा त्यापुढच्या कोणत्याही संख्येपर्यंत मोजले, तर ज्यांच्या मूळ अवयवांची संख्या (एकच अवयव पुन्हा आला तर तोही मोजून) विषम आहे, अशा संख्या निम्म्याहून कमी कधीच भरत नाहीत. त्याला पहिला अपवाद 90,61,50,257 ला येतो. म्हणजे नव्वद कोटींपर्यंत तपासूनही संगणकाने 'बरोबर' असेच सांगितले असते.

याउलट देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा 6174 घ्या. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहावेत, वजाबाकी करावी आणि हेच पुन्हा करत जावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतो. इथे शक्यता दहा हजारांच्या आत आहेत, म्हणून सगळ्या तपासून झाल्या की तीच सिद्धता. तरीही माझा पहिला प्रोग्रॅम 1000 वरून शून्यावर पोहोचला. 1000 मधून 1 वजा जाऊन 999 उरले, त्याने ती तीन अंकी संख्या मानली आणि 999 मधून 999 वजा केले. कागदावर माझा हात आपोआप 0999 लिहीत होता; तो नियम मी शब्दांत कधी मांडलाच नव्हता.

तेव्हापासून प्रोग्रॅमला हात लावण्याआधी मी वहीत पूर्ण वाक्ये लिहितो, आणि तीही मराठीत, जरी शोधनिबंध पुढे लॅटेक या गणिती मजकूर जुळवण्याच्या प्रणालीत इंग्रजीतच जाणार असला तरी. वहीतल्या 6174 च्या पानावर पहिले वाक्य आहे: 'संख्या प्रत्येक पायरीवर चार अंकीच धरावी, अंक कमी पडल्यास डावीकडे शून्ये लिहावीत.'