जूनमधलं एक सेव्ह

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सकाळी सात-दहाला फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. "मॅडम, चाकणचा सर्व्हर दिसत नाही. गाड्या भरून उभ्यात, चलन निघत नाही." चलनं काढणारी माणसं पुण्याच्या ऑफिसात आणि सर्व्हर चाकणच्या कारखान्यात, असा आमचा कारभार.

आदला दिवस गुरुवार, वीजदुरुस्तीचा वार. यूपीएसच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झालेल्या, त्यामुळे सर्व्हर बंद पडून संध्याकाळी आपोआप चालू झालेला. पहिला संशय अर्थातच केबलवर. शिफ्टवरच्या इलेक्ट्रिशियन काकांना रॅकसमोर उभं केलं.

"काका, नेटवर्कच्या स्विचवरचे दिवे बघता का जरा?"

"हिरवे हायेत ताई. समदे लुकलुकतायत."

निळी केबल काढून परत लावून घेतली. फरक शून्य. कारखान्यातल्या पीसींवर सर्व्हर दिसतोय, हेही काकांनीच स्टोअरमध्ये डोकावून सांगितलं. तरी मी अर्धा तास फायरवॉलला शिव्या घातल्या. दूध उतू गेलं ते वेगळंच.

साडेआठला नाशिकच्या गोदामातून कुणीतरी ग्रुपवर टाकलं, "आमच्याकडे तर चालू आहे." तिथे डोक्यात उजेड पडला. या सर्व्हरचा मुख्य गेटवे, म्हणजे बाहेर जायचं नेहमीचं दार, हा इंटरनेटचा राउटर. शाखांना जाणारी उत्तरं मात्र दुसऱ्या, व्हीपीएनच्या (शाखांना जोडणाऱ्या खासगी जाळ्याच्या) राउटरकडे वळवायची असतात आणि त्यासाठी पुणे, औरंगाबाद, नाशिक अशा तीन शाखांचे तीन रूट, म्हणजे वाटा, दिलेले. पुण्याचा रूट नसेल तर पुण्याची विनंती पोचते, पण उत्तर इंटरनेटच्या वाटेने निघतं आणि हरवतं.

मग नाशिकच्या एका मशीनवर शिरले आणि तिथून चाकणला. रूटची यादी काढली, तर शाखांपैकी एकटं नाशिक. मशीन डेबियन लिनक्सचं, म्हणजे रूटचा मजकूर इटीसीखालच्या नेटवर्क फोल्डरमधल्या इंटरफेसेस या फाइलीत. ती उघडली आणि क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाची उघडली. रचना बदललेली, टिपा गायब, आणि रूट जोडणाऱ्या, 'अप'ने सुरू होणाऱ्या तीन ओळींपैकी शेवटची तेवढी शिल्लक.

या फाइलीत एका इंटरफेससाठी, म्हणजे नेटवर्कच्या एका जोडणीसाठी, ॲड्रेस, नेटमास्क, गेटवे या ओळी एकेकदाच येतात. 'अप' मात्र हवी तितक्या वेळा लिहिता येते, आणि इंटरफेस सुरू झाला की त्या आज्ञा क्रमाने चालतात. ब्राउझरमधून सर्व्हरची सेटिंग बदलायचं आमचं जे वेब पॅनेल, त्याला हे ठाऊकच नव्हतं. त्याच्या लेखी एका नावाला एकच किंमत. फाइल वाचताना प्रत्येक नवी 'अप' आधीचीवर बसत गेली, आणि सेव्ह करताना त्याने स्वतःला समजलेलं तेवढंच उतरवलं. कुठे चूक दाखवली नाही की इशारा दिला नाही. राग येतो तो याचाच.

फाइलीची तारीख होती १८ जून, दुपारी ४ वाजून ४२ मिनिटं. पॅनेलच्या नोंदवहीत त्या वेळेला लॉगिन माझं. डीएनएसचा एक पत्ता बदलायचा होता, तो मी खिडकीतल्या चौकटीत भरला आणि सेव्ह दाबलं. एवढंच.

मग ऑक्टोबरपर्यंत सगळं सुरळीत कसं चाललं? रूट कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, स्मरणात होते. पॅनेलने फाइल बदलली, पण नेटवर्क पुन्हा सुरू केलं नाही. इंटरफेस उठताना जी फाइल वाचली जाते, ती चार महिने कुणी वाचलीच नव्हती. गुरुवारी सर्व्हर बंद पडून उठला तेव्हा ती वाचली गेली.

पुण्याचा रूट हाताने टाकला आणि पहिलं चलन नऊ वाजून पाच मिनिटांनी निघालं. औरंगाबादचाही टाकला, तिथलं ऑफिस दहाला उघडतं, त्यांना पत्ताही लागला नाही. नंतर मेमधल्या बॅकअपमधून जुनी फाइल काढली. पुण्याच्या ओळीवर आमच्या आधीच्या सहकाऱ्याने टीप लिहून ठेवलेली: 'खालची ओळ काढू नये, पुणे बंद पडेल.' पॅनेलने टीपसुद्धा ओळीबरोबरच नेली होती.

आता ते तीन रूट त्या फाइलीत नाहीत. इंटरफेस उठल्यावर ज्यातल्या स्क्रिप्ट चालतात त्या इफ-अप-डी फोल्डरमध्ये वेगळी छोटी स्क्रिप्ट आहे, पॅनेल तिकडे फिरकत नाही. टीप तिथे जशीच्या तशी उतरवली.

काकांना फोन करून सांगितलं, झालं काम.

"बरं झालं," ते म्हणाले. "पण ताई, दिवे तर मघाशीबी हिरवेच होते."