८.१ भोकांची रिंग

गोणपाटात गुंडाळलेला बिडाचा तुकडा भिवंडीच्या माणसाने टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, अशी रिंग उद्या सकाळी पाहिजे." अशी म्हणजे कशी, हे सांगायला बाकीची रिंगच नव्हती. ब्लोअरच्या तोंडावरची ती रिंग रात्री पडून फुटली, आणि सकाळी झाडणाऱ्याने उरलेले तुकडे भंगारात घालूनही टाकले. रिंग जिथे बसते ती जागा छताला लागून. परांची संध्याकाळी बांधणार. इकडे आमचा प्लेट कापणारा दुपारनंतर नवीन काम घेत नाही. म्हणजे काय मोजायचं ते या सव्वा फुटी तुकड्यावरच.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आता गाळ्यांपेक्षा काचेच्या इमारती जास्त झाल्यात, पण ज्याचं ड्रॉइंग कुठेच उरलेलं नाही असा जॉब अजूनही आमच्याच गल्लीत येतो.

अख्खी रिंग असती तर टेप गुंडाळून परीघ घेतला, ३.१४१६ ने भागलं, की व्यास मिळाला. त्यात सुख असं, की परिघात एक मिलिमीटर चुकलं तरी व्यास जेमतेम ०.३ ने चुकतो. तुकड्याचं उलटं असतं. त्याचं केंद्र त्याच्यावर नसतंच, बाहेर कुठेतरी हवेत असतं. पत्र्यावर कड गिरवून दोन जीवा काढायच्या, त्यांचे लंबदुभाजक भेटतील तिथे केंद्र, हे शाळेत सगळ्यांनी केलेलं आहे. पण कंस छोटा असला की स्क्राइबरच्या रेघेच्या जाडीनेसुद्धा केंद्र सरकतं. म्हणून मी एकच जीवा घेतो आणि तिच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मोजतो. अर्ध्या जीवेचा वर्ग भागिले ते अंतर, अधिक तेच अंतर, झाला व्यास. दोन जीवा एकमेकींना छेदतात तेव्हा त्यांच्या तुकड्यांचे गुणाकार सारखे येतात. इथे दुसरी जीवा म्हणजे खुद्द व्यास, एवढंच.

आयटीआय करून आलेली आमची अप्रेंटिस शेजारी वही घेऊन उभी होती. पट्टीच्या ० आणि ३०० मिलिमीटरच्या खुणा कडेवर धरल्या, मध्यावरून अंतर घेतलं. ३९.७. म्हणजे १५० चा वर्ग २२५००, भागिले ३९.७, अधिक ३९.७. तिने फोनवर गणित केलं. ६०६.४.

मला तो आकडा पटेना. कड गंजून खाल्लेली होती आणि मध्याला अर्धा मिलिमीटर झीज सहज असणार. इथे अर्धा मिलिमीटर म्हणजे व्यासात साडेसहाचा फरक. जीवा १५० चीच मिळाली असती तर तोच फरक तिशीपलीकडे गेला असता. बाहेरचा व्यास थोडा मोठा झाला तर कुणाचं काही बिघडत नाही, पण भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, म्हणजे पीसीडी, चुकून चालत नाही. बोल्ट एम-१२, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचा, भोक १४ चं. पीसीडी साडेसहाने मोठं झालं तर प्रत्येक भोक सव्वातीनने बाहेर जाणार, आणि बोल्ट एकही शिरणार नाही.

तुकड्यावर दोन भोकं शाबूत होती. जिथे कड चांगली होती तिथे भोकाचं केंद्र कडेपासून ३० वर. म्हणजे पीसीडी ५४६.४. दोन भोकांमधलं अंतर व्हर्नियरने आतून आतून १९२.६, त्यात एक भोक मिळवून २०६.६. ही जीवाच, फक्त भोकांच्या वर्तुळाची. भोकं किती ते काढायला पोरीने २०६.६ ला ५४६.४ ने भागलं, साइनवरून कोन काढला, १८० ला त्या कोनाने भागलं आणि थांबली.

"काका, ८.१ भोकं येतायत."

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "८.१ भोकं कशी असतील? आठच असणार. मग चूक पीसीडीत आहे."

आणि तिने गणित उलटं फिरवलं. आठ भोकं म्हणजे अर्धा कोन २२.५ अंश. २०६.६ भागिले ०.३८२७, आले ५३९.८. म्हणजे पीसीडी ५४०, दोन्हीकडचे तीस-तीस धरून बाहेरचा व्यास ६००. खाल्लेल्या कडेशी संबंधच उरला नाही. भोकं आत होती, त्यांच्या कडा धड होत्या. इतकी वर्षं मी तुकड्यांवरून व्यास काढतोय, पण भोकांची संख्या पूर्णांकच असते हा पुरावा म्हणून वापरायचं कधी सुचलं नव्हतं. मी एवढंच विचारलं, "भोकं सारख्या अंतरावर नसली तर?" ती म्हणाली, "मग आठच्या इतकं जवळ कशाला आलं असतं?" योगायोगाने येऊ शकतं, हे खरं. पण वेळ नव्हता आणि मला तिचं पटलं होतं. ६०० ची प्लेट कापायला टाकली.

संध्याकाळी परांचीवरून भिवंडीवाल्याचा फोन आला. बोल्ट आठ.

रात्री लेथवरून उतरलेल्या रिंगला तिने टेप गुंडाळला. तिच्या वहीत १८८५.७ लिहिलेलं, टेपवर १८८५. चेहरा पडला. मग कळलं, हिशेब २२/७ ने केला होता. ३.१४१६ ने १८८४.९६ येतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिटरने कळवलं की सात बोल्ट हाताने गेले, आठव्याच्या भोकात कानस फिरवावी लागली. मी तिला सांगितलं, तर वही मिटत म्हणाली, "त्यांच्याकडचं भोक वाकडं असणार."