सीझिनकोट: कॉट्सवोल्डमधला हिरवा घुमट

इंग्लंडमधल्या जुन्या जमीनदारी वाड्यांपैकी एकच बघायचा असेल, तर मी सीझिनकोट सुचवेन. ग्लॉस्टरशर परगण्यात, कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या भागात, मोरटन-इन-मार्श गावाजवळ हे घर आहे. गेल्या जूनमध्ये आईला घेऊन गेले होते. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून मोरटनपर्यंत रेल्वेने साधारण दीड तास लागतो, पुढे टॅक्सी. परतीची टॅक्सी आधीच ठरवून ठेवा. ऐन वेळी मिळेलच असं नाही.

आत शिरल्यावर आधी नुसते ओक दिसतात, मग झाडांआडून कांद्याच्या आकाराचा, तांब्याचा हिरवा घुमट वर येतो. कोपऱ्यांवर छत्र्या, म्हणजे खांबांवरच्या छोट्या घुमट्या, भिंतीबाहेर झुकलेला रुंद छज्जा, खिडक्यांवर मोरपिसाऱ्यासारख्या कमानी. आणि हे सगळं कॉट्सवोल्डच्या पिवळसर दगडात! आई बराच वेळ काही बोललीच नाही.

1795 मध्ये बंगालहून परतलेल्या कर्नल जॉन कॉकरेल यांनी ही जमीन घेतली. 1798 मध्ये ते वारले आणि ती भाऊ चार्ल्सकडे आली. चार्ल्सनेही कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत पैसा मिळवला होता. सुमारे 1805 पासून हे घर उभं राहिलं. वास्तुकार तिसरा भाऊ, सॅम्युअल पेपिस कॉकरेल. त्याने भारत कधी पाहिला नव्हता. त्याचा आधार होता चित्रकार थॉमस डॅनिएल, ज्याने पुतण्यासह भारतभर फिरून इमारती रेखाटल्या होत्या. चित्रांवरून बांधलेलं घर आहे हे जवळ गेल्यावर कळतं: रेषा अचूक, पण आत पाऊल टाकलं की हिंदुस्थान संपतो. जिना, दालनं, छतं सगळी ग्रीक-रोमन वळणाची. मला हा जोड पटला नाही. बाहेरच्या भिंतींवर इतकं प्रेम केलं, मग आत एखादा चौक का नाही?

खरा जीव बागेत आहे. घराकडे येणारा रस्ता एका पुलावरून जातो, कठड्यावर नंदी बसलेत. आईने चालता चालता हात जोडले. बहुतेक लोक वरूनच पुढे जातात. तुम्ही खाली उतरा. ओढ्यातल्या दगडांवर पाय ठेवत पुलाखाली जाता येतं, तिथे बसायला जागाही आहे. दोन्ही बाजूंना जाडजूड खांब, डोक्यावर गार सावली, पायाशी पाणी. मला एकदम घारापुरी आठवली. डॅनिएल काका-पुतणे 1793 मध्ये मुंबईला आले तेव्हा घारापुरीची लेणी त्यांनी पाहिली, चितारलीही. त्या खांबांची जात इथे ग्लॉस्टरशरच्या ओढ्यावर भेटावी, याने माझ्या अंगावर काटा आला. दगड निसरडे असतात. आईला मी वरच थांबवलं. पकड असलेले बूट घाला.

ओढ्याच्या वरच्या टोकाला सूर्याचं छोटं देऊळ आणि तळं आहे. खाली दुसऱ्या तळ्यात तीन फण्यांचा साप झाडाच्या खोडाला विळखा घालून आहे. घरासमोरच्या दक्षिण बागेतलं पाण्याचे पाट मात्र 1960 च्या दशकातले, म्हणजे बरेच नवे.

1807 मध्ये राजपुत्र जॉर्ज, म्हणजे पुढचा राजा चौथा जॉर्ज, इथे येऊन गेला. त्याचा ब्रायटनमधला घुमटांचा राजवाडा नंतरचा. दोन्ही बघणार असाल तर आधी इथे या.

बाग आणि घर ठरावीक दिवशी, तेही दुपारीच उघडतात. घराचे दिवस बागेपेक्षा कमी, आणि ते वाटाड्यासोबतच बघता येतं. निघण्यापूर्वी संकेतस्थळ बघाच. जूनमध्ये ओढ्याकाठची फुलझाडं बहरात असतात. चहा ऑरेंजरीत मिळतो, वळणाऱ्या काचेच्या दालनात.

बंद दिवशी पोहोचलात तरी हिरमुसू नका. बोर्टन-ऑन-द-हिल ते लाँगबरो ही सार्वजनिक पायवाट याच पार्कातून जाते. मेंढ्यांच्या कुरणातून चालताना घर लांबून, घुमटासकट दिसतं. फाटकं मात्र आठवणीने लावून घ्या.