सदतिसाव्या कार्डावरची गाडी

खेळण्यातल्या एका नव्या गाडीच्या लॉन्चच्या दिवशी दुकान अकराला उघडणार असलं तरी मी साडेसातलाच गोदामात होते. माल दालनात लावायच्या आधी एकेक नग दिव्याखाली धरून बघायचा, ही माझी सवय. संग्राहकांच्या विभागात नऊ वर्षं काढल्यावर ती अंगात मुरली आहे. कार्डाचा कोपरा मुडपलेला असला, ब्लिस्टरवर, म्हणजे कार्डावर चिकटवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या कवचावर, चरा असला, तरी गिऱ्हाईक तो नग परत ठेवतं. आणि मला त्याचं बरोबरच वाटतं. ज्या वस्तूची कुणी चार महिने वाट बघतं, ती त्याच्या हातात धड पडली पाहिजे.

गाडी होती एका जुन्या रॅली कारचं १:६४ मॉडेल. खरी गाडी सव्वाचार मीटर लांब, म्हणजे ही साडेसहा सेंटिमीटरच्या जरा वर. ६२ नग आले होते. त्यांतले ६० विक्रीला आणि २ बदलीसाठी. प्रत्येक कार्डाच्या मागे क्रमांक. कुणाला कुठला मिळणार, ते चिठ्ठी काढून ठरणार होतं.

एवढ्याशा वस्तूत बघायला काय काय असतं, हे मी नवीन मुलांना नेहमी दाखवते. बॉडी झमॅकची. जस्तात ॲल्युमिनियम, तांबं आणि जरासं मॅग्नेशियम घातलेला हा मिश्रधातू ३८० अंश सेल्सियसच्या पुढे गेला की वितळतो आणि पोलादी साच्यात दाबानं भरला की केसाएवढी खाचसुद्धा उचलतो. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं बॉडीवर एक बारीक रेघ राहते. चांगल्या कामात ती रेघ दाराच्या किंवा बंपरच्या कडेत लपवलेली असते. मग टॅम्पो. सिलिकॉनची मऊ उशी कोरलेल्या पट्टीवरची शाई उचलते आणि गाडीच्या वळणावर दाबते. एका रंगाला एक छाप. या गाडीच्या कुशीवर तीन रंगांचे पट्टे होते. तीन वेळा दाबूनही ते एकमेकांवर चढलेले नव्हते, मधे पांढरी फटही राहिली नव्हती. असं काम बघितलं की मला आजही आनंद होतो.

छत्तीस नग बघून झाले. सदतिसावा उचलला आणि हात थांबला.

गाडी नाकावर झुकल्यासारखी दिसत होती. आधी वाटलं, ब्लिस्टरमध्ये तिरकी बसली असेल. दिवा जवळ ओढला. पुढची चाकं बरोबर होती, पण मागच्या आसावर दुसऱ्याच कुठल्या मॉडेलची चाकं बसवली होती. मोठी, वेगळ्या आऱ्यांची. उजवं चाक तर कमानीला जवळजवळ टेकलेलं. ब्लिस्टर मात्र कारखान्यातून आलं तसं, चारही कडांनी चिकटलेलं.

ज्यांना हा छंद नाही त्यांना सांगते. असल्या नगाला एरर पीस म्हणतात आणि त्याच्यासाठी लोक छापील किमतीच्या कितीतरी पट मोजायला तयार होतात. चुकीची चाकं, उलटी बसलेली गाडी, एका बाजूला टॅम्पोच नाही, असं काहीही. लाखोंनी माल काढणाऱ्या कारखान्याच्या तपासणीतून निसटलेली ती एकच गाडी असते.

माझ्याबरोबर काम करणारा मुलगा मागून वाकून बघत होता. तो हळूच म्हणाला, "ताई, हा बाजूला ठेवू या का? बदलीचे दोन आहेत. ६० भरतील."

त्याच्या मनात पाप नव्हतं. पण आमच्या धंद्याला लागलेली कीड हीच आहे. माल हुकांवर लागायच्या आधीच आतल्या माणसानं चांगला नग उचलायचा आणि ओळखीच्या स्कॅल्परला, म्हणजे चढ्या भावानं पुन्हा विकणाऱ्याला, द्यायचा. १९९५ मध्ये हॉट व्हील्स या खेळण्यातल्या गाड्यांच्या ब्रँडनं ट्रेझर हंट गाड्या काढल्या. १२ मॉडेलं, प्रत्येकाचे १०,००० नग, नेहमीच्या मालात मिसळून. कल्पना अशी की कुणालाही, कुठल्याही दुकानात, हुकावर चाळताना सापडावी. त्या शोधाची मजा कोण घालवतं? उघडायच्या आधी कार्टन चाळणारा. म्हणून मी त्याला म्हटलं, "नाही. हा नग चिठ्ठीत जाणार."

मॅडम साडेनऊला आल्या. कार्ड हातात घेऊन त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "चिठ्ठीत घालायचा तर लपवूनही चालणार नाही. सदोष माल न सांगता विकला असं व्हायला नको." ठरलं ते असं: एक नग सदोष आहे हे सगळ्यांना सांगायचं, क्रमांक सांगायचा नाही, ज्याला निघेल त्यानं तो ठेवावा नाहीतर बदलून घ्यावा. आणि आमच्यापैकी कुणीही चिठ्ठी उचलायची नाही.

अकरापर्यंत रांग वळण घेऊन मागे गेली होती. दीडशे लोक असतील. रांगेत एक बाई रुमालात गुंडाळलेली जुनी बस घेऊन उभ्या होत्या, आजोबांच्या वेळची. ती बस विकत घेणारं नव्हे, दुरुस्त करणारं कुणी भेटेल म्हणून त्या आल्या होत्या. पृष्ठभागावर भेगांचं जाळं, एक कोपरा हात लावताच भुरभुरला. याला झिंक पेस्ट म्हणतात, पेस्ट म्हणजे इथं कीड. धातू ओतताना त्यात शिसं मिसळलं गेलं की दमट हवेत तो आतूनच फुगतो आणि तडकतो, कधी कधी कित्येक वर्षांनी. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बऱ्याच खेळण्यांचं असं झालं आहे. त्यावर उपाय नाही. कोरड्या जागी, न हलवता ठेवणं एवढंच. हे त्यांना सांगताना मला फार वाईट वाटलं. गाडीतला प्रत्येक दोष काही एरर पीस होत नाही.

मला पाच मिनिटं बोलायचं होतं. नेहमी मी मॅचबॉक्स या चिमुकल्या गाड्यांच्या मालिकेची जन्मकथा सांगते. जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती, म्हणून त्यांनी तिच्यासाठी चिमुकला रोड रोलर बनवला आणि त्यातून १९५३ मध्ये ती मालिका सुरू झाली. पण त्या दिवशी मी बीच बॉम्बची गोष्ट निवडली. १९६९ मध्ये हॉट व्हील्सनं फोक्सवॅगन व्हॅनचा एक नमुना केला. मागच्या खिडकीतून सर्फबोर्ड बाहेर आलेले. दिसायला सुंदर, पण अरुंद आणि वर जड. ट्रॅकवरच्या गाड्यांना गती देणाऱ्या सुपरचार्जरमधून ती नीट जाईना. मग बॉडी रुंद केली, सर्फबोर्ड दोन्ही बाजूंच्या खाचांत टाकले आणि ती गाडी बाजारात आली. आज संग्राहक जीव टाकतात ते त्या आधीच्या, न चाललेल्या नमुन्यावर. एवढं सांगून मी म्हटलं, "आजच्या ६० नगांतही एक बिघडलेला आहे." पुढचं वाक्य मला गलक्यात ओरडून पूर्ण करावं लागलं.

डब्यात १५० चिठ्ठ्या, ६० वर आकडा, बाकी कोऱ्या. प्रत्येक जण कार्ड हातात पडताच आधी मागची चाकं बघत होता. चाळीसेक नग गेले तरी ३७ निघेना.

तो निघाला नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीच्या हाताला. मी कार्ड दिलं, दोष दाखवला, बदलून हवी का विचारलं. तिनं गाडी डोळ्यांसमोर आडवी धरली. "मागून वर आहे. मला हीच पाहिजे."

तेवढ्यात मागून आमचे एक जुने गिऱ्हाईक पुढे आले. पन्नाशीचे, अतिशय जाणकार, एरर पीसचाच संग्रह करणारे. त्यांनी मुलीच्या बाबांना शांतपणे एक आकडा सांगितला. आकडा मोठा होता. बाबांनी मुलीकडे बघितलं. "चिठ्ठी तुझी आहे, तूच ठरव."

ती म्हणाली, "मला चालवायची आहे."

"बाळा, विकू नकोस," ते गिऱ्हाईक म्हणाले. "पण निदान उघडू नकोस. गाडी बंद आहे तोवरच ती खरी आहे."

त्यांचं म्हणणं किती खरं होतं हे मला माहीत होतं. सुटी गाडी म्हटली की कुणीही तळाचे रिव्हेट उडवून चाकं बदलू शकतं. ही चाकं कारखान्यातच बसली, याचा पुरावा म्हणजे ते न उघडलेलं ब्लिस्टर. ते फोडलं की पुरावा गेला. मी हे सगळं तिला तिच्या भाषेत समजावलं. पूर्ण समजल्याशिवाय तिनं उघडू नये, असं मला मनापासून वाटत होतं. तिनं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "कात्री आहे?"

मी पातळ पातं घेतलं. ब्लिस्टरची फक्त खालची कड कापली, म्हणजे कार्ड शाबूत राहतं, आणि गाडी तिच्या तळहातावर सरकवली.

काउंटरवर जागा केली. तिनं ढकललं. गाडी वीतभर सरळ गेली आणि झपकन उजवीकडे वळून थांबली. उजवं मागचं चाक कमानीला घासत होतं, त्या बाजूला ओढ बसत होती. तिनं पुन्हा ढकललं, तेच झालं.

"ताई, ही ड्रिफ्ट मारते!"

हसण्याची लाट रांगेच्या टोकापर्यंत गेली. ते गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी खिशातून भिंग काढलं. "मला एकदा हातात देशील?" तिनं दिली. त्यांनी गाडी उलटी करून दोन्ही रिव्हेट बघितले, पुन्हा बघितले, आसाची टोकं बघितली. "अस्सल आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "कार्डाच्या मागे लिहून द्या. आज, सगळ्यांसमोर उघडली. तारीख घाला."

मी लिहिलं, तारीख घातली, मॅडमनी शिक्का मारला. खाली त्या गृहस्थांनी स्वतः साक्षीदार म्हणून सही केली. मुलीनं ती सही नीट वाचली आणि गाडी पुन्हा त्यांच्यासमोर ठेवली. "आता तुम्ही."

त्यांनी एका बोटानं, अगदी हलकेच ढकलली. गाडी उजवीकडे वळली आणि काउंटरच्या कडेला जायच्या आत तिनं झेलली.

रात्री नोंदवही भरताना ६० ओळींपैकी एकाच ओळीत शेऱ्याचा रकाना भरला गेला: क्र. ३७, मागची चाकं वेगळ्या मॉडेलची, उजवीकडे ओढते, बदलून दिली नाही, ग्राहकाला तशीच हवी होती.