आमची वाटचाल : कॉव्हेंट्रीतलं गॅरेज, जुन्या जॅग्वार आणि समोरचं शोरूम

कॉव्हेंट्रीच्या फोलशिल भागात गॅरेज काढलं तेव्हा नातेवाइकांनी वेड्यात काढलं. कॉव्हेंट्रीत जॅग्वारचे मुरलेले फिटर गल्लोगल्ली. तिथं कोल्हापूरच्या आयटीआयचा पोरगा काय दिवे लावणार! पण पार्टनर मिळाले ते थेट ब्राउन्स लेनचे, म्हणजे जॅग्वारच्या जुन्या कारखान्यातले. २००५ मध्ये तिथली गाड्यांची जुळणी थांबली, ते घरी बसले आणि बसवेना म्हणून माझ्याकडे आले. वयानं वडिलांच्या जागी, म्हणून मी त्यांना काकाच म्हणायचो. त्यांच्या पेटीतली कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) लॉक करायची पट्टी अजून आमच्याकडे आहे. कडा गुळगुळीत झाल्यात, पण बसते अशी की पाना मारताना कॅम तसूभर हलत नाही.

एक्स३०८ म्हणजे जॅग्वारची जुनी मोठी गाडी, एक्सजे. तिच्या व्ही८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाला ती पट्टी रोज लागायची. कॅम फिरवणारी चेन ताणून धरणारे टेन्शनर सुरुवातीला प्लास्टिकचे. त्यांना चिरा गेल्या की गार इंजिन सुरू करताना क्षणभर चेन खडखडते आणि मालक रेडिओ मोठा करतो. चेन निसटली की व्हॉल्व्ह पिस्टनवर. पट्टी न लावता नुसत्या केबल टायनं चेन बांधून वरचे टेन्शनर बदलणारेही आहेत. काका ते बघितलं की उठून चहा करायला जायचे.

या गाड्या बिघडतात, नाही म्हणत नाही. पण भंगारात जातात त्या भाव पडल्यामुळे. नवी घेणारा साहेब तीन वर्षांत निम्मे पैसे घालवून मोकळा होतो. चौथ्या-पाचव्या हाताला ती किरकोळीत येते, पण सुटे भाग आणि मजुरी साहेबाच्या गाडीचीच राहते. मग एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर आणि पुढच्या चाकांचे दोन स्ट्रट (धक्का झेलणारे खांब) एकदम गेले की बिल गाडीच्या किमतीला भिडतं.

२००८ मध्ये इंधन भडकलं, मोठ्या गाड्यांना कुणी विचारेना. इंजिन खोलून ठेवलेल्या गाड्या सोडून गिऱ्हाइकं गायब. भाडं थकलं. त्यातच मे २००९ मध्ये सरकारची योजना आली: दहा वर्षांवरची गाडी मोडीत द्या, नवीवर २,००० पौंड सूट, निम्मे सरकारचे, निम्मे कंपनीचे. बऱ्याच जुन्या एक्सजेंना बाजारात तेवढेही मिळत नव्हते.

आणि नेमकं तेव्हाच समोर काचेचं शोरूम झळकलं. नाव घेत नाही. त्यांचा पोरगा आमच्या फाटकात उभा राहून आमच्याच गिऱ्हाइकांना मोडीच्या योजनेची पत्रकं वाटायचा. सिलिंडर आतून धड असलेल्या, अंगावर गंज नसलेल्या गाड्या डोळ्यांसमोर चेपायला गेल्या. निकासिल म्हणजे सिलिंडरच्या आतला मुलामा; त्याच्या दुखण्यातून वाचलेली इंजिनं होती ती! गंधकवाल्या पेट्रोलनं ज्यांची वाट लागायची त्यांची केव्हाच लागली होती. उरलेल्या धडधाकट होत्या. हे त्यांना कोण सांगणार?

आमच्या मॅडम, निवृत्त मुख्याध्यापिका, १९९८ ची एक्सजे८. त्यांनाही पत्रक मिळालं. ते त्यांनी काउंटरवर पालथं घातलं, मागच्या कोऱ्या बाजूला पुढच्या सर्व्हिसची तारीख लिहायला लावली आणि वर्षभराचे पैसे आगाऊ मोजले. कशाला, ते बोलल्या नाहीत. त्यातून भाडं भागलं. पडून राहिलेल्या गाड्या रीतसर नोटीस देऊन काकांनी खोलल्या, सुटे भाग विकले, आणि आम्ही तगलो. पुढची वर्षं बरी गेली.

राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभरासाठी भरलेलं’, असं जॅग्वार कंपनीचं म्हणणं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८ वर्षांनी किंवा ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदला म्हणते. समोरचे गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य ऐकवायचे आणि गिअर झटका देऊ लागला की आख्खा गिअरबॉक्स गळ्यात मारायचे. तेव्हा गाडी कुणाकडूनही घ्या, तेल बदलल्याचं बिल मागा. इंजिन गार असतानाच बघायला जा. विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत फिरा. एक्स३५० चं, म्हणजे एक्सजेच्या पुढच्या पिढीचं, पेट्रोल मॉडेल घेत असाल तर नोंदणीची तारीख बघा. २३ मार्च २००६ च्या आधीची असेल तर रोड टॅक्सला मर्यादा आहे, नंतरच्या मोठ्या इंजिनाला बराच जास्त बसतो. त्या एका तारखेपायी सारख्याच दोन गाड्यांचे भाव वेगळे लागतात. समोरच्यांनी हे कधी कुणा गिऱ्हाइकाला सांगितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.