लाखो कमेंटी मोजल्या, पण अहिराणी कुठे गेली?

जळगाव-धुळ्याकडचे विद्यार्थी प्रकल्प निवडताना हमखास विचारतात: सोशल मीडियावरच्या लाखो कमेंटी तपासून केळीच्या भावाबद्दल खानदेशातल्या माणसांना काय वाटतं ते कळेल का? थोडंफार कळतं. पण लाखाचा आकडा गाठणं हे यातलं सोपं काम. अवघड आहे ते प्रत्येक चाळणीतून अहिराणी गळून जाऊ न देणं.

आधी माल कुठून आणायचा ते बघा. संशोधकांसाठीची ट्विटरची मोफत वाट 2023 मध्ये बंद झाली, फेसबुकवरच्या पोस्ट तपासायचं क्राउडटँगल हे साधन 14 ऑगस्ट 2024 ला. व्हॉट्सॲपचे गट बंद दाराआडचे, तिथे हात घालूच नये. उरतं यूट्यूब, आणि अहिराणी तिथे भरपूर आहे. प्रोग्रामने माहिती मागवायला त्याचा रोजचा नेहमीचा कोटा 10,000 युनिटांचा. एका शोधाला त्यातले 100 जातात, म्हणजे शंभर शोधांत दिवस संपला. त्यापेक्षा चॅनेलांची यादी हाताने करा. चॅनेलच्या अपलोड-यादीतले 50 व्हिडिओ एका युनिटात मिळतात, 100 पर्यंत कमेंटीही एका युनिटात. मात्र कमेंटीखालची सगळी उत्तरं सोबत येतीलच असं नाही, ती वेगळी मागवावी लागतात. वाद बहुधा तिथेच रंगलेला असतो.

खरा घात होतो तो शब्द तोडताना. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या नेहमीच्या रेगेक्सला, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणाऱ्या साच्याला, काना-मात्रा-वेलांटी अक्षर वाटत नाही. पायथनच्याच सायकिट-लर्न या साधनसंचाचा शब्दमोजणीचा ठरलेला नमुना सलग दोन अक्षरं तरी मागतो. त्यामुळे 'जळगाव'चं 'जळग' होतं, आणि 'केळी', 'कापूस', 'रावेर' हे शब्द पूर्ण नाहीसे होतात. चूक कुठेही दाखवली जात नाही, तक्ता छान छापून येतो. म्हणून मोकळ्या जागेवर तोडा, विरामचिन्हं वेगळी काढा आणि पहिल्या पन्नास ओळी डोळ्यांनी वाचा.

पुढे 'ऱ्हायना' हा अहिराणी शब्द घ्या. यातला 'ऱ्ह' कोणी नुक्त्याच्या 'ऱ'ने लिहितो, कोणी साध्या 'र'ला अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला सारखाच, यंत्राला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) करूनही हे दुसरं रूप तसंच राहतं. ते स्वतः नियम लिहून बदलावं लागतं, आणि अदृश्य चिन्हं सरसकट पुसण्याच्या आधी.

शोधशब्दही बोलीतून घ्या. 'ळ'च्या जागी 'य' येतो, म्हणून 'केळी' शोधणाऱ्याला 'केयीना भाव काय शे?' सापडतच नाही. रोमन लिपीत तर 'केली' आणि 'केळी' एकच होतात, आणि 'शे'ची, म्हणजे 'आहे'ची, रोमन अक्षरं इंग्रजीतल्या 'ती'ची (she). निरुपयोगी शब्दांच्या इंग्रजी यादीत ते असतंच, त्यामुळे यादी लावली की अहिराणीची सर्वांत मोठी खूण आपल्याच हाताने पुसली जाते.

भाषा ओळखण्यासाठी बरेचजण फास्टटेक्स्टचं 176 भाषांचं मॉडेल वापरतात. त्यात अहिराणी नाही. ते तिला मराठी, हिंदी किंवा कोकणी म्हणतं, तेही अडखळत. आणि आपण 'खात्री 0.8 पेक्षा कमी असेल तर वगळा' असं लिहून मोकळे होतो! वगळलेल्या ढिगातल्या 300 ओळी हाताने तपासल्याशिवाय पुढे जाऊच नका. 'शे', 'ऱ्हायना', 'तुना' या खुणा तिथेच भेटतील.

नाराजी की समाधान हे ठरवायला दोन अहिराणी बोलणाऱ्यांना त्याच 500 कमेंटी वेगवेगळ्या द्या आणि कोहेनचा कॅपा काढा, म्हणजे दोघांचं मत योगायोगापलीकडे किती जुळतं तो आकडा. तो 0.6 च्या खाली आला तर आधी त्यांना दिलेल्या सूचना सुधारा, नाराजी ओळखणारं मॉडेल नंतर.

मोजताना कमेंटींबरोबर माणसंही मोजा, कारण एकच जण चाळीस वेळा लिहितो. यादृच्छिक हजार कमेंटींतून टक्केवारी साधारण तीन टक्के-बिंदू इकडेतिकडे मिळते, पण ती कमेंटींचीच. तोंड न उघडणाऱ्या शेतकऱ्याबद्दल ती काहीच सांगत नाही, लाखाच्या जागी कोटी घेतल्या तरीही.

अहवालात एखादी कमेंट जशीच्या तशी छापू नका. ओळ शोधपेटीत टाकली की लिहिणारा सापडतो, नाव खोडून उपयोग होत नाही. गावाऐवजी तालुका लिहा, अर्थ ठेवून शब्द बदला. आणि ते बदलायचं काम अहिराणी बोलणाऱ्याकडूनच करून घ्या, नाहीतर तिथे पुन्हा प्रमाण मराठी येऊन बसते.